मला काही नाही त्याचं

स्टिलहाऊस खोरं, केंटकी
२१ जानेवारी १९८६

ती. व्हर्नामावशीस,
डेल्सीचा सा. न. वि. वि.

तू पाठवलेलं कोटांचं खोकं पोचलं. लॉनीचा निळा कोट त्याला अजून दोन हिवाळे पुरेल एवढा ऐसपैस आहे. टॅमसीचा लाल मात्र अगदी मापून शिवल्यासारखा. तुझे किती आभार मानू? पण मावशी, दोन्ही कोट खुंटीवर आहेत. ते घालायला मुलं घरात नाहीत.

मागच्या आठवड्यात बालसंरक्षण खात्याची बाई शेरिफच्या माणसाला घेऊन आली आणि दोघांना घेऊन गेली. तुला लगेच कळवायला हवं होतं, पण हात धजेना. कागदावर लिहिलं की ते खरं होईल असं वाटत होतं.

झालं ते असं. नाताळाच्या आधी नळ गोठला आणि फुटला. तेव्हापासून मी झऱ्यावरून बादल्यांनी पाणी आणते. आर्विलच्या पाठीवर खाणीचं छत कोसळलं तेव्हापासून त्याला बादली उचलता येत नाही, आणि आता तर खाणही बंद. शेगडी एकच, म्हणून आम्ही चौघं स्वयंपाकघरातच गादी टाकून झोपतो. मुलांच्या कपड्यांना कोळशाच्या धुराचा वास येणारच. शाळेतल्या नर्सला तो आला आणि तिनं खात्याला कळवलं.

खात्याची ती बाई म्हणजे मिस हॉल्स्टेड, तरुण आहे, सपाटीवरच्या मुलखातली. तीनदा येऊन गेली. वाईट वाटली नाही ग, दारातच बूट पुसायची. ती आली की आर्विल मागच्या खोपटात जाऊन बसायचा, कामाविना घरात बसलेला दिसायला नको म्हणून. मी काही लपवलं नाही. तिनं जे जे करायला सांगितलं त्याला तयार झाले. आणि न्यायालयात वकिलानं मला कागद वाचून दाखवला तर त्यात लिहिलेलं: आई बेफिकीर, वडील गैरहजर, मदत तीन वेळा नाकारली. मी कधी नाकारली? एवढी नीटनेटकी बाई इतकं खोटं कसं लिहिते? का माझंच काही चुकलं?

पुढची सुनावणी मार्चमध्ये. तेव्हा मुलं परत द्यायची की कायमची दुसरीकडे ठेवायची, ते ठरेल म्हणतात. तोवर ती शेजारच्या परगण्यात कुणा मिसेस ट्रिपलेटकडे आहेत.

मावशी, रागावू नकोस. आणि रागावलीस तरी माया पातळ करू नकोस.

तुझीच,
डेल्सी


डेटन, ओहायो
२७ जानेवारी

चि. सौ. डेल्सीस,
व्हर्नामावशीचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून मी भिंतीवरचं पोस्ट खात्याचं कॅलेंडर टराटरा फाडलं, कारण हाताशी दुसरं सरकारी काही नव्हतं.

आता ऐक. 'माझंच काही चुकलं का' ही तुझ्या पत्रातली ओळ मी पेनानं खोडली आहे. तूही मनातून खोड. गरीब असणं वेगळं आणि मुलांची हेळसांड करणं वेगळं. हेळसांड करणारी आई बर्फातून बादल्या वाहत नाही. नळ गोठणं हा गुन्हा असेल तर आधी थंडीला पकडा, आणि मग त्या कंपनीला, जिनं डोंगराच्या पोटातलं सगळं ओरबाडून नेलं आणि जाताना तुझ्या नवऱ्याची मोडलेली पाठ तेवढी मागे ठेवली. मुलं दुसऱ्याच्या घरी ठेवायला या खात्याकडे पैसा आहे. तुझ्या दारापर्यंत नळ ओढायला नाही! संपांच्या वेळी ट्रकच्या मागच्या फळीवर उभी राहून मी आयुष्यभर भाषणं ठोकली, पण इतकं वेडगळ वाक्य मला ठरवूनही रचता आलं नसतं.

मुलं सांभाळायला कुणी असावं याला माझा विरोध नाही, हेही सांगते. लहान मुलाला झोडपणारा बाप मी आपल्या खोऱ्यात पाहिला आहे, आणि तेव्हा दार ठोठावणारं कुणीच नव्हतं. दार जरूर ठोठावा. पण आत आल्यावर आईला आणि थंडीला वेगवेगळं ओळखा, एवढंच माझं मागणं.

सुनावणीला मी येणार. मी बोलणार. वाचनालयातून कायद्याची दोन जाड पुस्तकं आणली आहेत आणि माझा घसा अजून शाबूत आहे. फक्त एक गोष्ट टोचते. 'तीन वेळा नाकारली.' म्हणजे एक तर ती बाई धडधडीत खोटं बोलते, नाहीतर तू माझ्यापासून काही लपवतेस. तेव्हा तिनं काय विचारलं आणि तू काय बोललीस, ते शब्द न् शब्द लिही. तात्पर्य नको. शब्द हवेत. भाषण पक्क्या पायावर उभं करायचं आहे.

आर्विलला सांग, त्या खोपटातून बाहेर ये. पाठ मोडली आहे, तोंड नाही.

तुझ्यावरची माया पातळ व्हायला ती काय खाणावळीतला रस्सा आहे? घट्टच आहे, घट्टच राहील.

व्हर्नामावशी


स्टिलहाऊस खोरं
४ फेब्रुवारी

ती. व्हर्नामावशीस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आर्विलला मोठ्यानं वाचून दाखवलं. खोपटाच्या वाक्याला तो हसला. म्हणाला, व्हर्ना दोनशे मैलांवरून बोलली तरी माणसाच्या कानाखाली जाळ निघतो. पण दुसऱ्या दिवशी मुलांना भेटायला कार्यालयात जायचं होतं तेव्हा दाढी करून, कुबडी घेऊन माझ्याआधी हॉबर्टच्या ट्रकमध्ये जाऊन बसला. हॉबर्ट म्हणजे आपला शेजारी. त्यानं पेट्रोलचं नावसुद्धा काढू दिलं नाही. देव त्याचं भलं करो.

मुलं भेटली. लॉनी आर्विलच्या गुडघ्याला असा चिकटला की सोडवता सोडवेना. टॅमसी दूर उभी होती, केसांच्या दोन घट्ट वेण्या, माझ्याहून छान घातलेल्या. मी खाऊ पुढे केला तर म्हणाली, हो, द्या, आभारी आहे. 'द्या' म्हणाली मला, मावशी. सात वर्षांची पोर, मला पाहुण्या बाईसारखं 'द्या' म्हणाली.

मिसेस ट्रिपलेट बाहेर बाकावर होत्या. मनात आलं, तोंड फिरवून निघून जावं. पण लॉनीला पलंगावर एकट्याला झोप येत नाही म्हणून त्या स्वतःची गादी त्याच्या शेजारी जमिनीवर घालतात, असं टॅमसीनं सांगितलं. मग जाऊन त्यांचे आभार मानले. माझ्या मुलाला थोपटल्याबद्दल परक्या बाईचे आभार मानणं जड जातं, पण मानले. खरंच मानायलाच हवे होते.

आता तू मागितलेले शब्द. पहिल्या खेपेला मिस हॉल्स्टेड म्हणाली की घरकामाला हातभार लावायला खात्याची एक बाई आठवड्यातून दोनदा पाठवता येईल, पाठवू का? मी म्हटलं, मला काही नाही त्याचं. दुसऱ्यांदा म्हणाली की चर्चच्या तळघरात आईवडलांसाठी वर्ग भरतो, मी गाडीनं नेईन, याल का? मी म्हटलं, मला काही नाही त्याचं. तिसऱ्यांदा तिचा आवाज जरा कापत होता. म्हणाली, मुलं घरीच राहावीत असं वाटत असेल तर हे सगळं मनापासून करावं लागेल. कराल का? मी तिच्या डोळ्यांत बघून, माझ्यात होतं नव्हतं तेवढं सगळं ओतून सांगितलं, मला काही नाही त्याचं. तिनं वही मिटली आणि निघून गेली.

आता सांग, याहून साफ होकार आणखी कसा द्यायचा? तू येऊन भांडलीस तर मुलं आणखी लांब जातील अशी मला भीती वाटते. येऊ नको म्हणत नाही. पण हळू ये.

तुझ्या रागाच्या सावलीतच वाढलेली,
डेल्सी


डेटन
१० फेब्रुवारी

चि. सौ. डेल्सीस,
अनेक आशीर्वाद.

पोरी, भाषण शेगडीत घातलं. चांगलं होतं, धडधडून जळलं.

तुझं पत्र स्वयंपाकघरात उभ्यानं वाचलं आणि तिसऱ्या 'मला काही नाही त्याचं'ला खाली बसले. तू एकदाही नाही म्हणाली नाहीस. आणि त्या बाईनं तीनदा नाहीच ऐकलं. दोघीही खऱ्या.

मी डेटनला आले त्या वर्षाची गोष्ट. फ्रिजच्या कारखान्यात फोरमननं विचारलं, शनिवारी जादा पाळी करतेस का? मी आनंदानं म्हटलं, मला काही नाही त्याचं. शनिवारी डबा घेऊन हजर, तर माझ्या यंत्रावर दुसरीच उभी! असं दोनतीनदा झालं. शेवटी मी त्याच्या अंगावर धावून गेले की माझ्या पोटावर का उठलास. तो बिचारा चक्रावला. म्हणाला, बाई, तूच तर म्हणालीस की तुला त्याचं काही पडलेलं नाही!

डेल्सी, हे चार शब्द आपल्या डोंगरात होकाराचे आहेत. 'माझी ना नाही, सांगा, एका पायावर तयार आहे.' आपल्याकडे 'हो' म्हणणं जरा हावरटपणाचं वाटतं, म्हणून आपण असं म्हणतो. पण डोंगर उतरून सपाटीवर गेलं की त्याच शब्दांचा अर्थ होतो, मला पर्वा नाही. आता तिच्या कानांनी तुझं तिसरं उत्तर ऐक. मुलं घरी राहावीत म्हणून काही कराल का? मला पर्वा नाही. आणि तेही डोळ्यांत डोळे घालून! ती वही मिटेल नाहीतर काय करील?

खरं सांगू? मला वाईट वाटलं. मला एक खोटारडी बाई हवी होती. तिच्यावर तुटून पडायला मी पुस्तकं उघडून बसले होते, आणि निघाली कोण, तर आपल्या बोलीची ओळख नसलेली पोरगी. पण म्हणून माझं बाकीचं म्हणणं मी मागे घेत नाही. ज्या घरातली भाषा कळत नाही त्या घरातली मुलं उचलण्याआधी खात्यानं एकदा, एकदाच, 'म्हणजे काय' असं विचारायला काय हरकत होती? गरिबाचं बोलणं नीट ऐकायची कुणाला घाई नसते. त्याचा निकाल लावायची मात्र असते.

मी येणार नाही. मी बोलले तर ती बचावाला उभी राहील. तू बोललीस तर ऐकेल. उद्याच जा, आणि सगळं सांग. ती पुढे काहीही विचारू दे, एकच शब्द म्हण. हो. हावरट वाटलं तर वाटू दे. मुलांसाठी हावरट हो.

माझी माया तुझ्या पाठीशी उभी आहे, हात कमरेवर ठेवून.

व्हर्नामावशी


स्टिलहाऊस खोरं
१७ मार्च

ती. व्हर्नामावशीस,
सा. न. वि. वि.

मधे पत्र नाही म्हणून तू शिव्या घालत असशील. घाल. कारण पुढे आहे.

तुझं पत्र मिळाल्याच्या दुसऱ्या दिवशी गेले. मिस हॉल्स्टेडसमोर बसले आणि तू लिहिलेलं सगळं तिला सांगितलं. तिला आधी कळेना. मग म्हणाली, पुन्हा म्हणा. मी पुन्हा म्हटलं. मग तिनं विचारलं, तुम्हाला एखादी गोष्ट खरंच नको असेल तर काय म्हणता? मी म्हटलं, तोंडावर नाही म्हणणं बरं दिसत नाही, म्हणून आम्ही म्हणतो, बघू पुढं. ती एकदम पांढरी पडली. पलीकडच्या ओढ्यावरची एक म्हातारी तिला दर खेपेला 'बघू पुढं' म्हणते, आणि ही बिचारी दर खेपेला तिला न्यायला गाडी घेऊन हजर! मला हसू आवरेना. तीही हसली, आणि हसता हसता रडायलाच लागली. मी माझा रुमाल दिला. धुरकट वासाचा होता, पण तिनं घेतला.

मग तिनं मला तेच तीन प्रश्न पुन्हा विचारले. मी तीनदा हो म्हटलं. तिसऱ्या वेळी माझाही आवाज कापला.

गुरुवारी सुनावणी झाली. मावशी, ती स्वतः उभी राहिली. ऐकण्यात चूक माझी झाली, या बाईंची नाही, असं भर न्यायालयात म्हणाली. तिचा वरिष्ठ सपाटीवरून आला होता, तो कपाळाला आठ्या घालून बघत होता, तरी थांबली नाही. एवढ्या लहान वयात एवढं धाडस. मी तिचे उपकार जन्मभर विसरणार नाही.

न्यायाधीश आपल्याच डोंगरातले, तीन खोरी पलीकडचे. त्यांनी विचारलं, बाईंचे नेमके शब्द काय होते? कागदात ते शब्द नव्हते ना, नुसतं 'बेफिकीर' होतं. मिस हॉल्स्टेडनं शब्द सांगितले. न्यायाधीशांनी चष्मा काढला आणि पुसत बसले. मग म्हणाले की मी माझ्या बायकोला लग्नाचं विचारलं तेव्हा तीही हेच म्हणाली होती, आणि आमचा संसार अजून चालू आहे. अख्खं न्यायालय हसलं. वरिष्ठसुद्धा, थोडा उशिरा.

पण सोडलं नाही हं त्यांनी. म्हणाले, शब्दांचा उलगडा झाला, नळाचा झाला नाही. घरात वाहतं पाणी आणि दुसरी शेगडी आली की मुलं घरी. त्यावर आर्विल कुबडीवर उठला. म्हणाला, आजवर ही बाई आली की मी खोपटात लपायचो, म्हणून माझ्या नावापुढे गैरहजर लागलं. आता हजर लिहा. एवढंच बोलून बसला. तू असतीस तर टाळ्या पिटल्या असत्यास.

शनिवारी हॉबर्ट आणि खाणीतले जुने गडी कुदळी घेऊन आले. आर्विल पालथ्या बादलीवर बसून हुकूम सोडत होता, चर कुठून, किती खोल. त्याला राजासारखं बसलेलं बघून सगळ्यांनी त्याची भरपूर टर उडवली. नळ आता गोठणार नाही इतका खोल गेला आहे. शेगडी मिस हॉल्स्टेडनं कुठल्याशा चर्चमधून मिळवली. मी खणणाऱ्या सगळ्यांना पोटभर राजम्याचं कालवण आणि मक्याचा पाव वाढला, दुसरं देण्यासारखं काय होतं?

उद्या मुलं येतात. लाल कोट खुंटीवरून काढून शेगडीपाशी गरम करायला ठेवला आहे.

तू ते भाषण जाळलंस म्हणून हे दिवस दिसले. तुझ्या मायेची ऊब अशीच राहू दे.

डेल्सी


डेटन
२४ मार्च

चि. सौ. डेल्सीस,
अनेक आशीर्वाद.

मी रडले नाही. कांदा चिरत होते.

त्या मुलीला माझा नमस्कार सांग. चुकलं म्हणायला उभं राहणारी माणसं मी संपात, सभांत, चर्चमध्ये फार थोडी पाहिली, सरकारी कचेरीत तर एकही नाही. तिला म्हणावं, व्हर्ना स्टिडम तुझ्या बाजूनं ट्रकवर उभी राहायला तयार आहे.

आणि खणायला आलेल्या प्रत्येकाला माझा आशीर्वाद. पण एक गोष्ट त्यांच्याही कानावर घाल. तुम्ही एका शनिवारात जे केलंत ते नाताळातच झालं असतं, तर डेल्सीची मुलं एकही रात्र बाहेर झोपली नसती. डेल्सीनं मागितलं नाही म्हणून झालं नाही, हे मला ठाऊक आहे. आपण डोंगरातली माणसं मदत मागताना मान खाली घालतो. ही मान वर करायला शिका. ज्यांना गरज आहे त्यांनी मागावं, आणि ज्यांच्यापाशी आहे त्यांनी मागायची वाट बघू नये. झालं, थांबते. भाषण जळलं तरी निखारे राहतातच.

टॅमसी कशी आहे ते लिही. तू तिच्याबद्दल फार थोडं लिहितेस, म्हणजे तिथंच दुखतंय.

माया आहे. मागू नकोस, असंच घे.

व्हर्नामावशी


स्टिलहाऊस खोरं
९ एप्रिल

ती. व्हर्नामावशीस,
सा. न. वि. वि.

बरोबर ओळखलंस. तिथंच दुखत होतं.

लॉनी आल्या आल्या घरभर पळाला, नळ सोडून बंद करून पाहिला, आणि रात्री आमच्या दोघांच्या मध्ये शिरून घोरायला लागला. त्याचं काही बिघडलं नव्हतं. टॅमसी मात्र खुर्चीच्या कडेवर बसायची. पाणी दिलं तर आभारी आहे. केस विंचरू का विचारलं तर हो, चालेल. उठण्याआधी विचारायची, मी उठू का. मिसेस ट्रिपलेटना दोष देत नाही ग, त्यांनी तिला चांगलंच वळण लावलं. पहिल्याच आठवड्यात त्यांनी सफरचंदाच्या मुरंब्याची बरणी पाठवली, आणि लॉनीला एकट्यानं झोपायला लावू नका अशी चिठ्ठी. मी त्यांना ईस्टरला जेवायला बोलावलं आणि त्या आल्यासुद्धा. आता त्यांचे आभार मानणं मला जड जात नाही.

पण टॅमसी. तिला वाटत होतं की आपण नीट वागलो नाही म्हणून आपल्याला नेलं. मी सांगितलं, तसं नाही. आर्विलनं सांगितलं. मिस हॉल्स्टेड येऊन जमिनीवर तिच्यासमोर बसली आणि म्हणाली की तुझी आई काय म्हणाली ते मला कळलं नव्हतं, चूक माझी होती. टॅमसीनं तिलाही म्हटलं, आभारी आहे. आणि पुन्हा खुर्चीच्या कडेवर.

मिस हॉल्स्टेड आता नव्या घरात जाताना कधी कधी मला बरोबर नेते. मी कोपऱ्यात बसते आणि कुणी 'बघू पुढं' म्हणालं की तिला खुणावते. तुला हे ऐकून मुठी वळायला होईल, डेल्सी सरकारी गाडीत! पण बरं वाटतं, मावशी. आपल्या बोलण्याचा कुणाला तरी उपयोग होतोय.

काल संध्याकाळी साधाच राजमा केला होता. पाऊस होता, दोन्ही शेगड्या चालू होत्या. लॉनी ताट चाटत होता, आर्विल त्याच्या नाकाला लागलेल्या रश्श्यावरून त्याची थट्टा करत होता. टॅमसीचा वाडगा रिकामा झाला. मी पळी उचलली आणि नेहमीसारखं विचारलं, आणखी वाढू का?

तिनं वाडगा पुढे केला, माझ्याकडे न बघता, एक पाय खुर्चीवर घेऊन, तोंडात पाव कोंबलेला. आणि म्हणाली, मला काही नाही त्याचं.

मी वाडगा भरला, मावशी. पार काठापर्यंत.

इकडचं सगळं भरलेलं आहे. तुझी माया त्यात आहेच.

तुझीच,
डेल्सी